उशी म्हणजे गाय

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर एका पतपेढीने दिलेले जुने एकपानी कॅलेंडर उलटे टांगलेले आहे. तारखा भिंतीकडे आणि कोरी बाजू आमच्याकडे. त्या कोऱ्या बाजूवर निळ्या स्केचपेनने लिहिले आहे : उशी – गाय, उमा – घोडा, नाना – सात, मोरी – जंगल, कावा – नदी, माची – गाव. घरी येणारा पाहुणा चहाचा कप हातात घेऊन ते सगळे एकदा वाचतो, मग आमच्याकडे पाहतो, आणि विचारावे की न विचारावे अशा संकोचात पडतो. तेव्हा माझी आई शांतपणे सांगते, "पोराचा जपानीचा अभ्यास हाय त्यो."

पोरगा म्हणजे माझा भाचा. बहीण गारगोटीला असते आणि हा शाळेसाठी कोल्हापुरात आमच्याकडे राहतो. गेल्या वर्षी आठवीत गेला तेव्हा जपानी कार्टूनच्या नादाने त्याने ती भाषा शिकण्याचे ठरवले. पुण्याच्या एक बाई ऑनलाइन शिकवणी घेत होत्या आणि एका घरातून दोघांनी नाव घातले तर फीमध्ये सवलत होती. "मामा, तुम्ही नुसतं बसा," असे म्हणून त्याने मला त्यात ओढले. अशा रीतीने एकेचाळिसाव्या वर्षी, निव्वळ काटकसर म्हणून, मी जपानीचा विद्यार्थी झालो.

सुरुवात इतकी सोपी गेली की आम्ही दोघेही फसलो. जपानी लिहिण्यासाठी तीन प्रकारची अक्षरे लागतात. त्यांपैकी हिरागानाची मूळ अक्षरे 46 आहेत आणि ती ज्या क्रमाने शिकवतात तो क्रम ऐकून मी खुर्चीत सरसावून बसलो. आधी स्वर : आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपल्या वर्णमालेतून क, च, त, न, प, म, य, र, व एवढीच निवडून घ्यावीत तशी ही ओळ आहे, कारण ती आलीच आहे तिथून. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी जपानला नेली, तिच्यासोबत उच्चारस्थानांनुसार अक्षरे लावण्याचे आपले शास्त्र गेले, आणि त्याच्या वळणावर जपान्यांनी आपली अक्षरे लावली. 'प'च्या जागी 'हा' कसा, अशी शंका मला आली होती. तर 'हा'च्या ओळीचा उच्चार फार पूर्वी 'पा' असा होता, तो काळाच्या ओघात बदलला; ओळ मात्र जागची हलली नाही. तोक्योतला मुलगा आज शब्दकोश चाळताना ज्या क्रमाने पाने उलटतो, तो आमच्या पहिलीच्या पाटीवरचा क्रम आहे, हे कळल्यावर मला उगाचच आपण या भाषेचे लांबचे चुलते आहोत असे वाटू लागले. आईने एवढेच विचारले, "मग तिकडं अंबाबाई पण हाय का?" लक्ष्मी तिथे किचिजोतेन या नावाने आणि सरस्वती बेन्झाइतेन या नावाने पुजली जाते, हे ऐकल्यावर तिने शिकवणीला कायमची परवानगी दिली.

व्याकरणाचेही तसेच झाले. इंग्रजी शिकताना आम्हाला प्रत्येक वाक्य कंबरेत वाकवावे लागले होते. इथे 'मी पाणी पितो' याचे 'वाताशी वा मिझु ओ नोमिमासु' करताना शब्द आपापल्या जागी बसून राहतात आणि क्रियापद शेवटी येते. प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी 'का' लावायचा. 'ताबेमासु का?' म्हणजे 'खाताय का?' यात शिकण्यासारखे काय आहे, असे भाच्याने मला गंभीरपणे विचारले होते. 'चा-ची-चे'साठी एकच 'नो' असतो. लिंगाचा काच नाही, म्हणून कोल्हापूरचा गूळ, कोल्हापूरची मिसळ आणि कोल्हापूरचे पैलवान हे सगळे एकाच 'नो'वर भागतात. हजेरीच्या वेळी बाईंनी नाव पुकारले की 'हाय' म्हणायचे, कारण जपानीत 'हाय' म्हणजे 'हो'. पलीकडच्या खोलीतून हे ऐकून, पोरगं शहरात राहूनही आपली बोली विसरलं नाही, याचा आईला फार आनंद झाला होता.

पहिली ठेच भाच्याला लागली ती कार्टूनमुळेच. एका तासाला बाईंनी प्रत्येकाला स्वतःची ओळख करून द्यायला सांगितली, तेव्हा त्याने 'मी' या अर्थी 'ओरे' हा शब्द वापरला आणि बोलण्याच्या भरात बाईंनाच 'ओमाए' म्हणाला. कार्टूनमधले वीर एकमेकांना असेच बोलतात. बाई आधी हसल्या आणि मग त्यांनी समजावले की 'ओमाए' हे मित्रामित्रांतले किंवा भांडणातले 'तू' आहे, ते गुरुजनांना म्हणत नाहीत. शिक्षकांना नावापुढे 'सेन्सेई' लावून बोलायचे आणि क्रियापदाच्या शेवटी 'मासु' आले पाहिजे. भाच्याचा चेहरा पडला. मी त्याला म्हटले की एखाद्या परदेशी पाहुण्याने आपल्या तालमीच्या कट्ट्यावर बसून मराठी शिकावे आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या मुख्याध्यापकांना "काय भावा, नाद खुळा!" म्हणावे, तसे हे झाले. त्याला हसू आले खरे, पण त्या दिवसापासून कार्टून पाहताना तो मधेच थांबून "हे चालतं का घरी?" असे विचारू लागला आणि त्याची अर्धी मजा तिथेच गेली.

उरलेली काताकानाने घालवली. काताकानाही 46 अक्षरांचीच, उच्चारही तेच, पण वळणे निराळी, आणि ती मुख्यतः बाहेरून आलेल्या शब्दांसाठी. म्हणजे आपले नाव, आपले गाव, आपली मिसळ ही सगळी जपानच्या दृष्टीने परकी असल्यामुळे काताकानात लिहायची. तिथे 'ल' नाही, 'ळ' तर नाहीच, आणि 'न' सोडला तर शब्दाला व्यंजनावर संपता येत नाही. त्यामुळे कोल्हापूरचे 'कोरुहापुरु' होते. जन्मगावाची अशी अवस्था पाहून कोणाचा उत्साह टिकेल? शिवाय त्यात 'शि', 'त्सु', 'सो' आणि 'न' ही चार अक्षरे अशी आहेत की त्यांच्यातला फरक केवळ दोन-तीन फटकाऱ्यांच्या तिरपेपणात आहे. भाचा 'सो' लिहायचा आणि मी तो 'न' वाचायचो. कोणाचे चुकले हे दोघांनाही सांगता येत नसे.

त्यातच त्याच्या मोबाइलवरच्या अभ्यासाच्या ॲपमध्ये सलग दिवसांची मोजणी होती. रोज थोडा तरी अभ्यास केला की आकडा एकने वाढे. सुरुवातीला या आकड्याने त्याला खूप पळवले, हे मान्य केले पाहिजे. जेवण राहील, पण आकडा राहणार नाही, अशी स्थिती होती. जुलैअखेर पावसाने वीज गेली, ती दीड दिवस आली नाही, मोबाइल मेला आणि त्रेचाळिसावर पोचलेला आकडा शून्यावर आला. चौदा वर्षांचा मुलगा त्यासाठी रडला. मला तेव्हा ते हास्यास्पद वाटले होते. आता वाटते की त्याला भाषा गेल्याचे दुःख झालेच नव्हते, आकडा गेल्याचे झाले होते, आणि आकड्यासाठी शिकणाऱ्याकडे आकडा गेल्यावर दुसरे काय उरणार? वही मिटली. आपण म्हणतो नव्याचे नऊ दिवस. जपानीत अशा आरंभशूराला 'मिक्का बोझु', म्हणजे तीन दिवसांचा भिक्षू, म्हणतात. आपली भाषा सहा दिवस जास्त देते, एवढ्यावर मी त्याला चिडवून पाहिले, पण तो हसला नाही. उलट त्याने मला हिशेब मांडून दाखवला : नित्य वापराच्या कांजी, म्हणजे चित्रलिपीतली अक्षरे, 2136, रोज एक शिकले तरी जवळजवळ सहा वर्षे. "मामा, तोपर्यंत मी कॉलेजात असणार, आणि तुम्ही सत्तेचाळीस." जपानमधल्या पहिलीच्या मुलालाही वर्षभरात फक्त 80 कांजी शिकवतात, हे मी त्याला सांगितले. उपयोग झाला नाही.

तीन आठवडे असेच गेले. मग एका संध्याकाळी आई बैठकीच्या खोलीत पाठ टेकून शेंगा सोलत बसली होती आणि तिने आतल्या खोलीकडे पाहून हाक दिली, "बाळा, जरा उशी दे रे." आतून पडल्यापडल्या उत्तर आले, "गाय कशाला पाहिजे, आजी?"

क्षणभर कोणालाच काही कळले नाही. त्याच्या तोंडून ते आपसूक निघाले होते. जपानीत 'उशी' म्हणजे गाय. त्याने अर्थ सांगितल्यावर आई इतकी हसली की मांडीवरच्या शेंगा सांडल्या. मग तिने विचारले की आणखी कोणती जनावरे आहेत. घोडा 'उमा' निघाला. आमच्या गल्लीत एक उमाकाकू आहेत, त्यामुळे हा शब्द बराच वेळ पुरला. त्यावर 'काकु' म्हणजे लिहिणे हेही निघाले, आणि मांजर 'नेको' आहे हे कळल्यावर आई म्हणाली की दुधाच्या पातेल्याजवळ आलेल्या मांजराला आपण आजवर त्याच्या नावानेच हाकलत होतो.

त्या रात्री जुने कॅलेंडर उलटे झाले. नियम भाच्यानेच केले. शब्द दोन्ही भाषांत असला पाहिजे, ऱ्हस्व-दीर्घाकडे कानाडोळा चालेल, अर्थ मात्र वेगळा हवा, आणि सापडलेल्या प्रत्येक शब्दाला गुळाचा एक खडा. सुरू म्हणजे करणे, नारू म्हणजे होणे, काऊ म्हणजे विकत घेणे, नाका म्हणजे आत, बाका म्हणजे मूर्ख. 'आई' म्हणजे प्रेम हा शब्द इतका आयता होता की तो लिहायला आम्हालाच लाज वाटली. शेवटी एका कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिला. 'आजी' म्हणजे चव, हे कळल्यावर आईचा आनंद गगनात मावेना. "मग? आजीच्या हाताचीच चव असती," असे ती पुढे आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. 'आजी' नावाचा एक मासाही असतो, ही माहिती भाच्याने तिच्यापासून आजपर्यंत लपवून ठेवली आहे.

या खेळासाठी शब्द शोधायचे तर शब्दकोश उघडावा लागे, शब्दकोशासाठी अक्षरे लागत, आणि अशा रीतीने 'शि' आणि 'त्सु' यांचे भांडण कधी मिटले ते आम्हाला समजलेही नाही. कांजीसुद्धा आईसमोर मांडल्या जाऊ लागल्या. झाडाच्या अक्षराला जोडून दुसरे झाड काढले की राई, तिसरे काढले की मोरी, म्हणजे जंगल. झाडाशेजारी माणूस काढला की विसावा. वर शेत आणि खाली ताकद काढली की पुरुष होतो, हे ऐकून आईने विचारले की मग भांगलण कोण करते. छपराखाली बाई काढली की 'शांत, स्वस्त' या अर्थाचे अक्षर होते. ती थोडा वेळ त्या अक्षराकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "घरात बाई असली की बाकीच्यांना शांतता. बाईला कुठली?" ही टीका मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाचलेली नाही, ते अक्षर मात्र त्या दिवसापासून मी विसरलो नाही.

पाऊस ओसरल्यावर आम्ही दोघे संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला जाऊ लागलो. तळ्याला 'मिझुउमि' म्हणतात, म्हणजे शब्दशः पाण्याचा समुद्र. रंकाळ्याला हे नाव शोभते. पावसाचे पहिले थेंब 'पोत्सु पोत्सु' पडतात, रिपरिप पाऊस 'शितो शितो' पडतो आणि मुसळधार 'झाऽ झाऽ' कोसळतो. छाती 'दोकि दोकि' करते, तेव्हा आपली धडधडते. झिमझिम, रिपरिप, चकचक, लुटुलुटु असे शब्द रोज वापरणाऱ्या माणसाला हे निराळे शिकवावे लागत नाही. इंग्रजीत बोलताना आपली जी पंचाईत होते ती इथे अजिबात होत नाही.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पुण्यात जपानी भाषेची एन-5 ही परीक्षा होती. या परीक्षेच्या पाच पायऱ्यांतली ही सर्वांत खालची. शनिवारी एसटीने गेलो, सोबत आईने बांधून दिलेले धपाटे होते. परीक्षेत बोलायला लावत नाहीत. वाचायचे आणि ऐकायचे. एकूण 180 गुणांपैकी 80 मिळाले की उत्तीर्ण, पण त्यात एक मेख आहे : ऐकण्याच्या 60 गुणांपैकी किमान 19 मिळालेच पाहिजेत. ध्वनिमुद्रणातली बाई सात वाजता भेटायचे म्हणाली की आठ वाजता, 'शिचिजी' की 'हाचिजी', यावर मी विचार करीत राहिलो आणि तोपर्यंत ती दोन प्रश्न पुढे गेली. 'ओबासान' म्हणजे मावशी आणि 'ओबाऽसान' म्हणजे आजी. कॅलेंडरच्या खेळात ऱ्हस्व-दीर्घाकडे केलेला कानाडोळा मला इथे भोवला. भाच्याच्या कानाला मात्र कार्टूनची तीन वर्षांची सवय होती. ज्या कार्टूनमुळे बाईंपुढे त्याची फजिती झाली होती, त्यांनीच त्याला ऐकण्यात तारले.

निकाल लागला. तो उत्तीर्ण झाला. माझे एकूण गुण 80च्या वर होते, पण ऐकण्यात 17 पडले, म्हणून अनुत्तीर्ण. आईने दोघांसाठीही शिरा केला आणि "पुढच्या वेळी कान धुऊन जा," एवढेच मला सुनावले. आता जुलैत तो एन-4ला बसणार आहे आणि मी पुन्हा एन-5ला. फॉर्म त्यानेच भरला, पैसे मी.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना माझे लक्ष भिंतीकडे गेले. कॅलेंडरवर सर्वांत खाली एक नवा शब्द होता, निळ्या स्केचपेनने ठसठशीत लिहिलेला. मी खात्रीसाठी शब्दकोश काढून पाहिला, तर शब्दही बरोबर होता आणि अर्थही : मामा – होता तसाच. शेजारच्या बशीत त्याने आपल्या हक्काचा गुळाचा खडा आधीच काढून ठेवला होता.