बांबोळी, मांडवी, सांगे: टिंब एकच, तोंडं वेगळी

ॲनिमेशनमध्ये लिपसिंक, म्हणजे आवाजाशी पात्राचं तोंड जुळवणं, बिघडतो तो बहुतेक वेळा लिहिलेल्या अक्षरांकडे बघून तोंड हलवल्यामुळे. गोव्यातल्या बांबोळीचं एक साधं वाक्य घ्या: "बांबोळीला पाऊस थांबला की फोन कर." सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर सावकाश बोलताना साधारण ६० फ्रेम.

आधी हनुवटीखाली हात धरून वाक्य म्हणा. जबडा ठळकपणे पडतो तो 'बां', 'पा', 'थां' इथे. पहिल्या फेरीत एवढाच जबडा लावा, ओठांना हात लावू नका.

मग ओठ. प, ब, भ, म आले की ओठ मिटलेच पाहिजेत, निदान २ फ्रेम. एकाच फ्रेमला मिटले तर डोळ्याला दिसतच नाहीत आणि पात्र बोबडं वाटतं. जागा कमी पडली तर आधीच्या स्वरातून एक फ्रेम चोरा. मिटणं आवाजाच्या १-२ फ्रेम आधी ठेवा.

खरी गंमत अनुस्वाराची. 'बांबोळी'तलं टिंब म्हणजे म्, त्याला लागूनच ब. ओठ ३ फ्रेम तरी मिटलेले हवेत. 'थांबला'चंही तेच. 'मांडवी'त ते ण् होतं, जीभ वर वळते, ओठ उघडेच. 'सांगे'त जिभेची मागची बाजू उचलते, बाहेरून काहीच दिसत नाही. मध्येच कोंकणी 'तूं' आला तर फक्त ऊचा चंबू करा. तिथलं टिंब नाकात असतं. 'फोन'चा फ बहुतेकजण खालचा ओठ वरच्या दातांना टेकवून म्हणतात, म्हणून तिथे ओठ मिटवू नका. रेकॉर्डिंगमध्ये नटाने काय केलंय ते ऐका.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ वेव्ह फाइलमध्ये ठेवा. एमपी३च्या सुरुवातीला थोडी रिकामी जागा येऊ शकते. ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओ स्क्रबिंग चालू करा, म्हणजे फ्रेम पुढेमागे सरकवताना आवाजही ऐकू येतो. फ्रेमदर आधीच ठरवा. नंतर बदललात तर की-फ्रेम (तुम्ही तोंडाची ठेवण पक्की केलेल्या फ्रेम) आपल्या क्रमांकावर राहतात, आवाज मात्र सेकंदांनी चालतो, आणि वाक्याच्या शेवटी दोघांची फारकत झालेली असते. जूनमध्ये पत्र्याखाली रेकॉर्डिंग नकोच. पावसाच्या सरसरीत स आणि श वेव्हफॉर्ममध्ये, म्हणजे आवाजाच्या आलेखात, शोधूनही सापडत नाहीत.

चेहऱ्याचा अभिनय तोंडाच्या आधी सुरू होतो. या वाक्यात विचार वळतो 'की'वर: नजर खिडकीवरून समोरच्या माणसाकडे. तिथेच पापणी मिटवा: २ फ्रेम खाली, १ मिटलेली, ३ वर. भुवई 'फोन'च्या ३-४ फ्रेम आधी जागेवर पोचलेली असावी. प्रत्येक शब्दाला भुवई उडवली, मान डोलवली की पात्र नंदीबैल होतं.

आवाज जत्रेतल्या नाटकात मुरलेल्या नटाचा असेल तर वेगळी काळजी. शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा स्वर आणि पडद्यावर नुसते ओठ हलताहेत, हे जमत नाही. तो जोर गळ्यात, खांद्यात दिसायला हवा, श्वासही शब्दाच्या ४-६ फ्रेम आधी. पात्र हसत बोलत असेल तर 'बो'च्या चंबूतही ओठांचे कोपरे थोडे वर राहू द्या, नाहीतर हसू दर ओकाराला विझतं.

शेवटी तोंडावर कागद धरून शॉट बघा. नुसत्या डोळ्यांवरून 'की'चं वळण कळलं नाही, तर ओठ कितीही बिनचूक असले तरी डोळ्यांचं काम बाकी आहे.