दिंडीचा इन्व्हर्टर, भाग 2: 2200 म्हणजे 2200 नव्हे

मागच्या भागात सांगितलंच होतं, आमच्या दिंडीच्या ट्रकवरचा 600 वॉटचा इन्व्हर्टर वारीहून परत येताना मुका झाला. पंख्याच्या पात्यांवर बुक्क्याचा काळा थर, आणि वर कुणीतरी वळकट्या रचलेल्या. झाकण काढलं तर बॅटरीच्या बाजूचे चारही कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारे डबे) डोकं फुगवून बसलेले. क्षमता 2200 मायक्रोफॅरड, सोसायची मर्यादा 16 व्होल्ट. एकाच्या बुडाशी तपकिरी चिकट डाग. मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारे स्विच) मात्र चारही शाबूत, हे नशीबच.

पुढचं जरा लाज वाटत लिहितोय. खणात 2200/25 चे चार साधे, 85 अंशांपर्यंत चालणारे कपॅसिटर पडून होते. मायक्रोफॅरड जुळले, व्होल्टेज उलट जास्तच, म्हणून लावून टाकले. इन्व्हर्टर सुरू झाला, मीही खूश. शंभर वॉटचे तीन जुने बल्ब जोडले (एका वेळी तीसेक फोन चार्जिंगला लागतात, तेवढाच लोड) आणि चहा ठेवायला गेलो. वीस मिनिटांनी कपॅसिटरला बोट लावलं तर चटका बसला.

मग कागद-पेन्सिल घेतली, जी आधीच घ्यायला हवी होती. हा इन्व्हर्टर साधारण 50 किलोहर्ट्झला स्विचिंग करतो, म्हणजे सेकंदाला पन्नास हजार वेळा चालू-बंद. त्या वारंवारतेला 2200 मायक्रोफॅरडची स्वतःचा अडथळा जेमतेम दीड मिलिओहम. पण माझ्या त्या साध्या डब्यांचा ईएसआर (कपॅसिटरच्या आतला छुपा रोध) मीटरवर 70 मिलिओहमच्या आसपास आला. म्हणजे तिथे राज्य ईएसआरचं, मायक्रोफॅरडला विचारतंय कोण! एका कपॅसिटरमधून 3 अँपिअर रिपल (स्विचिंगमुळे चढ-उतार करणारा प्रवाह) धरला, तर 70 मिलिओहमला 0.63 वॉट उष्णता त्या बोटभर डब्यात. तेच 18 मिलिओहमचा असेल तर 0.16 वॉट.

शनिवारी पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली गाठली. पहिल्या दुकानात लो-ईएसआर मागितला, तर काउंटरवरचे काका म्हणाले, "अहो, 2200 म्हणजे 2200, त्यात काय एवढं?" आणि एक छान चकचकीत डबा पुढे केला. नमुना म्हणून एकच घेतला. उचलताना हलका वाटला होता. घरी मोजला तर 1340 मायक्रोफॅरड. पत्रा कापून पाहिला, तर आत आणखी एक छोटा कपॅसिटर, भोवती नुसती पोकळी. नारळ फोडावा आणि आत सुपारी निघावी तसं.

दुसऱ्या दुकानात तरुण मुलगा होता, त्याने न सांगताच विचारलं, "दादा, उंची किती चालेल?" हा खरा प्रश्न. झाकणाखाली मला 24 मिमी मिळतात, आणि डोक्यावरच्या खाचेला फुटायला किमान 2 मिमी मोकळी जागा सोडायची असते. लो-ईएसआरमधला 2200/25 त्याच्याकडे 25 मिमी उंच होता. मग 1500/25 घेतला: 12.5 बाय 20, 105 अंश, पायांत 5 मिमी अंतर, बोर्डावर आहे तेच. ईएसआर मोजला, 18 ते 21. मायक्रोफॅरड कमी झाले म्हणून कुणी नाक मुरडेल, पण वरचा हिशेब पाहा.

16 व्होल्टचा मूळ कपॅसिटर परत लावायचा नाही, हे माझं ठाम मत. ट्रकचं इंजिन चालू असताना बॅटरीवर 14.4 व्होल्ट सहज असतात, वर स्विचिंगचे झटके. आणि बदलायचे तर चारही एकदम. तीन जुने आणि एक नवा ठेवलात तर कमी ईएसआरवाला नवाच सगळा भार ओढत बसतो.

बोर्डावरचं तांबं जाड आहे, 25 वॉटच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने सोल्डर हलेचना. 60 वॉटची लावली तेव्हा कुठे पाय सुटले. हो, हात घालण्याआधी 400 व्होल्टचा तो मोठा कपॅसिटर 10 किलोओहम, 5 वॉटच्या रेझिस्टरमधून रिकामा केला. आत तीनशेच्या वर व्होल्ट असतात, तिथे चेष्टा नको. तो 100 मायक्रोफॅरडचा होता, 94 भरला, ईएसआरही ठीक, म्हणून तसाच ठेवला.

पहिल्यांदा वीज देताना बॅटरीच्या तारेत 55 वॉटचा हेडलाइट बल्ब सिरीजमध्ये घातला. क्षणभर उजळला आणि विझला, म्हणजे शॉर्ट नाही. मग थेट जोडून 300 वॉटवर तासभर चालवला. खोलीत 31 अंश, कपॅसिटर 46 अंशांवर थांबले. बोट निवांत टेकवता येतं.

केबल मात्र राहिली. तीन मीटर बारीक तार होती, तिचं एक टोक वितळून पिवळट झालंय. तार लांब आणि बारीक असली की रिपल बॅटरीपर्यंत न जाता सगळा कपॅसिटरच्याच बोकांडी बसतो. येत्या शनिवारी 16 चौरस मिमीची आणून एक मीटरवर आणतो.