छप्पन्न दिवसांची राखण

आमच्या गावाला वेळासचा हेवा वाटतो, हे आधीच कबूल करतो. मंडणगड तालुक्यातल्या त्या गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ च्या सुमाराला कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. पुढे तिथे कासव महोत्सव भरू लागला, घरोघर पाहुणे उतरू लागले. आमची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, काही कमी लांब नाही, कासवं आमच्याकडेही येतात, मग आपण काय फक्त शिमग्याला गर्दी करायची? ग्रामसभेत हा प्रश्न कुणीतरी मोठ्या आवाजात विचारला आणि त्या भरात मी हात वर केला. मुंबईची नोकरी सोडून गावी येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. हात खाली घेईपर्यंत माझं नाव लिहून झालं होतं.

वनखात्याने नेमलेले कासवमित्र म्हणजे आमचे आबा. वय सत्तरीच्या पुढे. तरुणपणी हेच आबा अंडी उकरून विकायचे, आणि ते लपवतही नाहीत. बारीक काठी वाळूत खुपसत जायचं. खाली घरटं असलं की वाळू भुसभुशीत लागते आणि काठी सुळकन आत जाते. चोरी करतानाची विद्याच आता राखणीला उपयोगी पडते. मी पहिल्या आठवड्यात पुळणीला इतकी भोकं पाडली की खेकड्यांनाही लाज वाटावी. हाताला काही लागलं नाही.

पौष वद्य दशमीला लागलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे कोकणात पोरांनाही माहीत असतं. दशमी म्हणजे साडेसात. पाणी चढून माग पुसायच्या आत पुळणीचं दुसरं टोक गाठायला हवं, म्हणून आम्ही पाचलाच निघालो होतो. सुरूच्या बनाच्या अलीकडे बारीक चाकाचा ट्रॅक्टर वर येऊन परत गेल्यासारखा माग दिसला. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी रात्री येऊन, अंडी घालून, वाळू थोपटून गेली होती. शेजारी कुत्र्याची पावलंही होती. अजून उकरलं नव्हतं, एवढंच नशीब.

"इथे ठेवून चालणार नाही," आबा म्हणाले. "अवसेच्या उधाणाला पाणी इथवर येतं."

मग हाताने वाळू काढायची. फावडं नाही, खुरपं नाही. हातभर खाली, सुरईसारखं तोंडाला अरुंद आणि तळाला रुंद असं घरटं असतं. अंडी टेबल टेनिसच्या चेंडूएवढी, पण कवच मऊ, दाबलं तर खड्डा पडेल असं. एकेक अंडं जसं असेल तसंच उचलायचं, उलटंपालटं करायचं नाही, कारण आत जीव धरायला लागला की फिरवलेलं त्याला सोसत नाही. मी मोजत होतो. एकशे बारा. घरट्यातली ओली वाळूही बरोबर घ्यायची.

इथे मी घोळ घातला. हॅचरी, म्हणजे अंडी राखायची जाळी लावलेली जागा, लांब होती, ऊन चढायच्या आत पोहोचायचं म्हणून मी पिशवी मोटारसायकलवर मांडीशी धरली आणि बांधावरच्या वाटेने निघालो. त्या वाटेचं वर्णन करत नाही. आबा चालत मागून आले, पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "गरोदर बाईला असं नेलं असतंस काय रे?" पुढे तासभर एक शब्द बोलले नाहीत. हॅचरीत त्याच मापाचा खड्डा खणला, अंडी ठेवली, वर टोपली उपडी घातली, पाटीवर तारीख आणि संख्या लिहिली.

त्यानंतरचं काम फोटोत येत नाही. पंचेचाळीस ते साठ दिवस वाळूच्या उबेवर अंडी राहतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निघतात, गार राहिली तर नर. आपण फक्त जाळी तपासायची, कोल्ह्याने कुठे उकरलंय का बघायचं, आणि रात्री कुत्री हाकलायची. सुरुवातीला पाळ्यांच्या यादीत बावीस नावं होती. पंधराव्या दिवशी नऊ उरली. टी-शर्ट मात्र बावीसही जणांनी नेले होते.

खरं भांडण दिव्यावरून झालं. किनाऱ्यावरचा मोठा दिवा म्हणजे गावाची शान. तो बसवायला किती खेपा घातल्या, हे सगळ्यांना पाठ. आणि आता आम्ही सांगायला आलो की पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, समुद्र समजून दिव्याकडे जातील, तेव्हा हंगामभर तो बंद ठेवा. दोन बैठका त्यावरच गेल्या. शेवटी दिवा बंद झाला तो आमच्या बोलण्याने नाही. गुहागरची बातमी आली होती, की ओडिशात २०२१ मध्ये खुणेचा बिल्ला लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये तिथे अंडी घालून गेली. "एवढा वळसा घालून ती गुहागरला गेली," एक काका म्हणाले, "आपल्याकडे येईलच कशाला, आपण तर फोकस लावून बसलोय!" सगळे हसले आणि खटका खाली झाला. अभिमानाला अभिमानच समजावू शकतो बहुतेक.

एकोणपन्नासाव्या दिवशी होळी आली. पालखी सोडून हॅचरीवर कोण बसणार? नऊपैकी एकही नाही, आणि मीही नाही, खोटं कशाला सांगू. बचत गटातल्या बायकांनी पाळी घेतली. वहिनी म्हणाली, "पालखी आमच्या दारात येणारच आहे. तुम्ही नाचा जा." त्या चार दिवसांत त्यांनी वहीत सकाळ-संध्याकाळची नोंद इतकी नीट ठेवली की पुढे वही त्यांच्याकडेच राहिली. आमच्या पानांवर नुसतं 'ठीक' लिहिलेलं असायचं.

रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला टोपली उचलायची. बावन्नावा दिवस गेला, त्रेपन्नावा गेला. पुण्याहून आलेलं एक कुटुंब दोन दिवस थांबून, मुलाची समजूत घालत परत गेलं. मला त्या बांधावरचा एकेक खड्डा आठवायला लागला.

छप्पन्नाव्या दिवशी सप्तमी होती. सव्वापाचची भरती, पाणी नुकतंच फिरलेलं. वहिनीने टोपली उचलली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "खचलंय." घरट्यावरची वाळू वाटीसारखी खाली बसली होती आणि तिच्यात नऊ काळपट पिल्लं वळवळत होती. पाण्यापासून काही अंतरावर वाळूवर सोडली. ती स्वतः चालत जातात, उचलून पाण्यात टाकायची नसतात. गाव दोरीमागे उभं होतं. शिमग्यात कधी गप्प न बसणारी माणसं होती ती.

दुसऱ्या सकाळी त्रेसष्ट निघाली. नंतर घरटं उकरलं तेव्हा तळाशी दोन जिवंत अडकलेली सापडली. एकूण चौऱ्याहत्तर. उरलेल्या अडतीसांपैकी काही अंडी आबांनी फोडून दाखवली. काहींत काहीच धरलं नव्हतं, काहींत अर्धवट वाढलेलं पिल्लू होतं.

"गाडीमुळे?" मी विचारलं.

"कोण सांगणार," आबा म्हणाले. "कधी होतं असं. पण पुढल्या वेळी चाल."

पुढचं घरटं थोड्याच दिवसांत मिळालं, हंगामातलं शेवटचं. अठ्ठ्याण्णव अंडी. पिशवी दोन्ही हातांत धरून मी किनाऱ्याने चालत आणली, चाळीस मिनिटं लागली. आबा काठी टेकत पुढे गेले होते, आणि हॅचरीत वहिनी पाटीवर तारीख आधीच लिहून बसली होती.