उलाळ

आजोबा बैलगाडीत ऊस भरताना एक शब्द वापरायचे, उलाळ. ओझं मागच्या बाजूला जास्त झालं की गाडीचं पुढचं टोक वर उठतं, जू बैलांच्या मानेवरून सुटायला बघतं, ती गाडी उलाळ. मग दोन मोळ्या पुढे टाकायच्या, नाहीतर स्वतः पुढे सरकून बसायचं. पन्नाशी उलटल्यावर हा शब्द मला अचानक आठवला तो ग्रेटर नोएडात, पोर्श ९११ च्या डाव्या सीटवर, डोक्यात दुसऱ्याचं हेल्मेट आणि पोटात सकाळचे पोहे असताना.

मी तिथे कसा, तर शाळूसोबत्यामुळे. त्याचं प्रभादेवीला चाकांच्या अलाइनमेंटचं गॅरेज आहे. चांगल्या चांगल्या गाड्या त्याच्याकडे येतात आणि मुंबईचे रस्ते त्या नियमाने येत राहतील याची काळजी घेतात. या गाड्यांचं निम्मं आयुष्य तिरकं जातं, असं तो म्हणतो. म्हणजे स्पीडब्रेकर दिसला की पोट घासू नये म्हणून गाडी तिरकी घालायची. आपल्याकडे मुंबईत रेसचा ट्रॅक नाही. रविवारी पहाटे मरीन ड्राइव्हवरून वरळीला जाऊन इडली खाऊन परत, एवढीच त्यांची धाव. म्हणून वर्षातून एकदा त्याचे चार-पाच गिऱ्हाईक बंद ट्रकमधून गाड्या ग्रेटर नोएडाच्या रेस ट्रॅकवर, बुद्ध सर्किटला पाठवतात, हवा आणि ब्रेक बघायला याला नेतात. यंदा याने मला ओढलं.

ट्रॅक ५ किलोमीटरहून किंचित मोठा, वळणं १६. इथे २०११ पासून तीन वर्षं फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या आणि तिन्ही वेळा जर्मनीचा व्हेटेलच जिंकला. आता आमच्यासारखी माणसं येतात. मला चालवायला कुणी देणार नव्हतं आणि मी मागणारही नव्हतो. मी जन्माचा पॅसेंजर. पण एक सांगतो, गाडी कळते ती पॅसेंजरलाच. चालवणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग असतं, त्याला धरायला काहीतरी असतं. त्यात मी तीस वर्षं बेस्टच्या बसमध्ये उभ्याने प्रवास केलेला. जुने कंडक्टर आठवा: एका हातात तिकिटांची पेटी, दुसऱ्या हातात पंच, आणि ड्रायव्हरने ब्रेक दाबायच्या अर्धा क्षण आधी पाठ सीटच्या दांड्याला टेकवून मागे रेललेले. पुढे सिग्नल आहे हे त्यांना काचेतून बघावं लागत नसे. ती विद्या पाहता पाहता थोडी मलाही लागली होती.

पहिली फेरी एका बीएमडब्ल्यू एमफाइव्हमधून. चार दरवाजे, ६०० घोडे, वजन दोन टनांच्या आसपास. सीटमधून गार हवा येते. सरळ पट्ट्यावर काटा २३० च्या पुढे गेला तरी दादर-ठाणे फास्ट लोकलला खिडकी मिळाल्यासारखं निवांत वाटत होतं. इंजिनाचा आवाजसुद्धा आत फार येत नाही म्हणून थोडा स्पीकरमधून सोडतात, हे कळल्यावर मला हसूच आलं. पण चौथ्या वळणाआधी मालकांनी ब्रेक दाबला आणि दडवून ठेवलेलं सगळं वजन एकदम हजर झालं. लग्नात गोड बोलणारे नातेवाईक वाटण्याच्या वेळी येतात तसं. तिसऱ्या फेरीला ब्रेकचा जळका वास आत आला आणि आम्ही पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवायच्या जागी, परतलो. मित्र धावत आला तो ओरडतच, "हँडब्रेक लावू नका!" तापलेल्या चकतीला ब्रेकचे पॅड चिकटून बसतात म्हणे. गिअर पार्किंगवर ठेवून चाकाखाली लाकडाचा ठोकळा. एवढ्या किमतीच्या गाडीला शेवटी एसटीसारखी उटी लावलेली बघून मला फार बरं वाटलं.

मर्सिडीजच्या पहिल्या पिढीतल्या एएमजी जीटीचं बॉनेट इतकं लांब की पुढच्या वळणावर ते तुमच्या आधी पोचतं. इंजिन पुढच्या चाकांच्या मागे, गिअरबॉक्स पार मागे आणि आपण जवळजवळ मागच्या चाकांवर बसलेले. नाक वळतं, मग क्षणभराने आपण वळतो. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून घाट उतरलेल्यांना वेगळं सांगायला नको. आवाज मात्र असा, की कोकणात नेली तर गुरं दोन दिवस दूध देणार नाहीत.

ऑडी आर८ बद्दल सगळे हळू आवाजात बोलत होते, कारण ती आता बनत नाही. दहा सिलिंडरचं इंजिन पाठीमागे, काचेखाली, आणि आपण मध्यावर. वळताना आपण कुठे फेकलेच जात नाही, गाडी आपल्याभोवती फिरते. चालवणारा मुलगा पंचविशीचा, एका हाताने घाम पुसत होता, तरी गाडी रेषेवर. खरं सांगायचं तर दोन फेऱ्यांनंतर मला इंजिनाचं ते वर वर चढत जाणारं गाणं सोडून काही आठवत नाही. इतकी सोपी. आमरस चमच्याने भरवल्यासारखा. मी आंबा चोखून खाणारा माणूस.

आणि मग ती ९११. ठाण्याचे एक दातांचे डॉक्टर, साठीचे, बोलण्यात अत्यंत मऊ. "घाबरू नका, दुखणार नाही," हे त्यांनी सवयीनेच म्हटलं असावं. या गाडीचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असतं. साठ वर्षं झाली, कंपनीने ते तिथून हलवलेलं नाही. निघालो तेव्हा नाक हलकं, थोडं भिरभिरणारं, आणि तेव्हाच मला आजोबा आठवले. गाडी उलाळ होती!

डॉक्टर काय करत होते ते मग नीट बघितलं. ब्रेक सरळ रेषेत जोरात, आणि वळायला लागल्यावर तो झटकन सोडायचा नाही, हळूहळू उचलायचा. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं आणि रस्त्याला टेकलेला टायरचा तो तळहाताएवढा तुकडा चिकटून धरतो. म्हणजे दोन मोळ्या पुढे टाकल्या. नाक आत शिरलं की पाय अ‍ॅक्सिलरेटरवर, वजन परत मागे, आणि मागची चाकं जमीन नखांनी उकरून गाडी बाहेर ढकलतात. दर वळणाला ऊस पुढे, ऊस मागे. दहाव्या वळणापासून सुरू होणारा लांबलचक उजवा वळसा आला तेव्हा माझा उजवा पाय न राहवून चटईत रुतला. डॉक्टरांनी तो पाहिला. "इथे आता भीती वाटून पाय काढला ना, तर शेपूट पुढे येऊन आपल्याला नमस्कार करते," ते म्हणाले, आणि पाय होता तिथेच ठेवला. ब्रेकच्या वेळी मी पाठ रेलून बसत होतो, अर्धा क्षण आधी. ते त्यांच्या लक्षात आलं. "कुठे शिकलात?" मी म्हटलं, "बेस्टची ८४ लिमिटेड."

घड्याळात सगळ्यात वेगवान कोणती होती यावर विमानतळापर्यंत वाद झाला. मी त्यात पडलो नाही. मुंबईत मला कुणी फुकट देणार असेल तर मी एमफाइव्हच घेईन, निदान खड्ड्यात कंबर राहील. पण झोपताना डोळ्यांपुढे येते ती उलाळ गाडी.

परवा मित्राच्या जुन्या अल्टोतून आम्ही वरळीहून कोस्टल रोडने मरीन ड्राइव्हकडे निघालो होतो. मागे त्याची बायको, माझ्या मांडीवर तिने आमच्याकडे म्हणून दिलेला आमटीचा डबा, झाकण जरा सैल. सरळ रस्त्याला ८० ची मर्यादा, वळणाला ४०. हाजीअलीजवळच्या वळणाआधी त्याने ब्रेक दाबला तो सरळ रेषेत, आणि वळताना पाय अगदी सावकाश उचलला. मी झाकण उचलून बघत होतो.

"कुठवर आली?" त्याने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

"काठापर्यंत."

"काय चाललंय तुमचं?" मागून आवाज आला. "आणि वहिनींना सांगा, डबा परत पाठवा."