सावरीखाली दीड तास

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सहावीची २८ मुलं घेऊन आम्ही पानगळीच्या रानात गेलो. माझ्या खिशात २० झाडांची यादी होती. सहाव्या झाडापाशीच सकाळ संपली.

ते झाड काटेसावरीचं. अंगावर एक पान नाही, नुसती लाल फुलं. मी "वर बघा" म्हणत होते आणि मुलं खाली बघत होती. सावरीचं फूल अख्खंच्या अख्खं पडतं, तेही धप्प आवाज करून. पुढचं कुठे पडणार यावर पैजा लागल्या. मग फुलं हातात आली. पाच जाड पाकळ्या लगेच मोजून झाल्या. पुंकेसर मोजताना मात्र सत्तरीच्या आसपास भांडण जुंपलं. तेवढ्यात एकीने विचारलं, "पानं नसताना झाडाला एवढी फुलं परवडतात कशी?" माझ्या यादीत असा प्रश्न नव्हता. उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी वाचवायला झाड पानं टाकून देतं. फुलांपुरता साठा खोडात आणि मुळांत असतो. शिवाय पानांचा आडोसा नसला की फुलं पाखरांना लांबून दिसतात. हे सांगतेय तोवर वर भोरड्यांचा थवा उतरलाच. हिवाळ्यापुरते येणारे हे पाहुणे. पळसाच्या फुलांवरही तुटून पडतात, म्हणून यांना पळसमैनाही म्हणतात.

मग डोळे मिटून पाच मिनिटं ऐकायला लावलं. पहिली दोन मिनिटं हसण्यात गेली. नंतर तांबटाची टुक्‌टुक्‌ सापडली. तो मान फिरवत ओरडतो, त्यामुळे आवाज एका जागचा वाटत नाही. अर्धा वर्ग शोधत होता, दिसला एकीलाच.

पळस तुरळक फुलला होता. कुसुंबाची लाल पालवी दिसली नाही, ती मार्चची. एकच फेरी जमणार असेल तर मार्चचे पहिले दोन आठवडे धरा. दोन जमल्या तर दोन्ही वेळा त्याच झाडापाशी जा.

सकाळी सातला रानात पोचा; दहानंतर पाखरं गप्प होतात आणि मुलं चिडचिडी. वनखात्याची परवानगी आधीच लेखी घ्या. पूर्ण बाह्या, बंद बूट. फुलं तोडायची नाहीत, खाली पडलेली पुरतात. मोठी माणसं आम्ही तिघंच होतो, कमी पडलो. दोन मुलं मागे राहिली आणि खाजकुयलीच्या मखमली शेंगांना हात लावून बसली! अशा वेळी चोळू, खाजवू देऊ नका. चिकटपट्टी लावून ओढली की बरीचशी कुसं निघतात, मग भरपूर पाण्याने धुवा. पट्टी आम्ही वहीत पानं चिकटवायला नेली होती, तीच कामी आली. त्या वेलीची ओळख पहिल्या पाच मिनिटांत करून द्या, वसंत नंतर. आग्या मोहोळ दिसलं तर गुपचूप मागे फिरा.

तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो. कुसुंब लालबुंद झाला होता, पण मुलं थेट सावरीकडे पळाली. फुलांच्या जागी हिरवी बोंडं. पैजवाल्यांनी विचारलं, "ही कधी पडणार?" म्हटलं, ही वाळून झाडावरच उकलतात आणि आतला कापूस उडतो. एप्रिलअखेरची तिसरी फेरी तिथेच ठरली. मध्ये वार्षिक परीक्षा आहे हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं.