बोफोरच्या डोंगरात: सगळ्यांचं दूध, एकच कढई

फ्रान्सच्या सावोआ भागात आल्प्स बघायला येणारे बहुतेक जण मों ब्लांककडे वळतात. मी आल्बेरव्हिलला उतरून डोरों नदीच्या घळीतून वर जाणारी बस धरली. रस्ता अरुंद आणि दोन्ही बाजूंना कडे. साधारण २० किलोमीटरनंतर दरी एकदम मोकळी होते आणि बोफोर गाव दिसतं. मला बघायची होती इथली दूध सोसायटी. कोल्हापूर जिल्ह्यात वाढलेल्या, लहानपणी किटली घेऊन डेअरीला दूध घालायला गेलेल्या माणसाला सहकार बघायला परक्या मुलखात जावंसं वाटणं साहजिक आहे.

इथलं चीज गावाच्याच नावानं ओळखलं जातं. चीजचं एक गोल चाक २० ते ७० किलोचं, बहुतेकदा ४० किलोच्या आसपास. किलोभर चीजला सुमारे १० लिटर दूध लागतं, म्हणजे एका चाकामागे ४०० लिटर. एकट्या छोट्या शेतकऱ्याकडे रोज एवढं दूध कुठून येणार? इथलं एकत्र येणं या हिशेबातूनच सुरू होतं.

सोसायटीच्या इमारतीत काचेपलीकडे तांब्याच्या भल्यामोठ्या कढया दिसतात. दूध कच्चंच वापरतात, पाश्चराइज करत नाहीत. (शाकाहारी वाचकांसाठी: विरजणासोबत दूध जमवणारं, वासराच्या जठरातलं रेनेट पडतं, त्यामुळे हे चीज शुद्ध शाकाहारी म्हणता येत नाही.) जमलेला चोथा बीच लाकडाच्या कड्यात दाबतात. त्या कड्यामुळेच चाकाची कड आत वळलेली असते. तळघरात स्प्रूसच्या फळ्यांवर चाकांच्या रांगाच्या रांगा. किमान पाच महिने ती तिथं मुरतात, आणि त्या काळात त्यांना उलटायचं, मिठाचं पाणी लावून घासायचं. हे काम आता बऱ्याच अंशी यंत्र करतं. वास उग्र, थोडा ओल्या लाकडासारखा. मला तो आवडला.

मला सगळ्यात मोलाची वाटली ती बोफोरची नियमावली. आपल्याकडे सोसायटीचं यश संकलनाच्या आकड्यात मोजतात: यंदा किती लाख लिटर, गेल्या वर्षीपेक्षा किती जास्त. इथं आधी मर्यादा ठरते. गाई फक्त दोन जातींच्या: तारीन आणि आबोंदांस. दोन्ही डोंगराच्या, चढणीला सरावलेल्या. कळपाची सरासरी गाईमागे वर्षाला ५००० किलो दुधाच्या वर जाऊ द्यायची नाही. आपल्याकडे ‘एचएफ’ म्हणतात ती होल्स्टीन युरोपात याच्या दुपटीच्या आसपास सहज जाते. जास्त दूध म्हणजे बाहेरून आणलेलं जास्त खाद्य, आणि मग या कुरणांचा, या गवताचा दुधाशी संबंध उरत नाही. म्हणून ही मर्यादा.

आणि मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा, बंद! हे ऐकून मी थांबलो. आपल्याकडे मुरघासाचा प्रचार चालतो, आणि उन्हाळ्यातल्या चाराटंचाईत तो खरोखर उपयोगी पडतो. इथल्या एका शेतकरीबाईंनी कारण सांगितलं. मुरघासातले जंतू दुधात उतरतात आणि काही महिन्यांनी चीज आतून फुगवून फोडतात. त्यांचे बीजाणू नुसतं दूध तापवूनही मरत नाहीत. कढईत सगळ्यांचं दूध एकत्र पडतं, त्यामुळे एकाच्या गोठ्यातली हयगय सगळ्यांच्या तळघरात शिरते. “आमच्यात कोणी दुसऱ्यावर पाळत ठेवत नाही,” त्या म्हणाल्या, “पण आपल्या दुधामुळे शेजाऱ्याचं चीज गेलं तर गावात तोंड कसं दाखवायचं?” सहकारावरच्या भाषणांपेक्षा मला हे वाक्य जास्त पटलं.

ही शिस्त सुबत्तेतून आलेली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर इथली उंचावरची कुरणं ओस पडायला लागली होती. पन्नाशीच्या दशकात रोझलाँ धरणाचं काम सुरू झालं, तशी तरुणांना त्या कामावर रोख मजुरी मिळू लागली. गाई राखायला माणूस मिळेना. धरणाच्या पाण्याखाली रोझलाँ गावही गेलं. तलावाकाठी दिसणारं चॅपेल त्या बुडालेल्या चॅपेलची प्रतिकृती आहे. अशा वेळी, साठच्या दशकाच्या सुरुवातीला, माक्सीम व्हियाले यांच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी सोसायटी बांधली. १९६८ साली चीजला नावाचं कायदेशीर संरक्षण मिळालं. धरण आलं, पैसाही आला, आणि तरीही ही माणसं गाईंना धरून राहिली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

एक सभासद, एक मत, हे तत्त्व आपल्यालाही माहीत आहे. ठरवलेल्या मर्यादेमुळे बाजारात माल थोडा, नाव मोठं, आणि शेतकऱ्याला लिटरमागे साध्या दुधापेक्षा बराच जास्त भाव. कमी दूध काढून जास्त कमावता येतं, हे इथं डोळ्यांनी दिसतं. दोन-तीन म्हशींवर घर चालवणाऱ्या आमच्याकडच्या कुटुंबांना हे जसंच्या तसं लागू पडेल असं मी म्हणणार नाही. आमच्या दुधाचं गिऱ्हाईक वेगळं, हवा वेगळी. पण दुधाची प्रत सगळ्यांनी मिळून ठरवायची आणि तिचा भावही सगळ्यांनी मिळून घ्यायचा, एवढं तरी आमच्या वार्षिक सभांत बोललं जावं, असं मनापासून वाटतं. तिथं अजून फॅट, एसएनएफ (दुधातले फॅटशिवायचे घन घटक) आणि दिवाळीचा दर फरक यावरच तास जातो.

उन्हाळ्यात गाई कुरणांवर असतात. आरेश गावावरून चालत वर गेलात तर घंटांचा आवाज आधी येतो, गाई मागून दिसतात. दूध काढायचं यंत्र गाडीवर लादून गाईंपाशीच नेतात. समुद्रसपाटीपासून १५०० मीटरच्या वर, एकाच कळपाच्या दुधाचं, दिवसातून दोनदा धार झाल्या झाल्या बनवलेलं चीज वेगळ्या शिक्क्यानं विकलं जातं. ते महाग आहे, पण एवढ्या लांब आलात तर थोडं तरी घ्याच.

जायचं असेल तर जून ते सप्टेंबर हा काळ धरा. सोसायटीचं दुकान गावातच आहे. चीजच्या निवळीपासून केलेलं सेराकही मिळतं. ते रिकोटा या मऊ इटालियन चीजच्या जवळ जाणारं आहे आणि साखर घालून खाल्लं तर आपल्याला थेट खरवस आठवतो.