मटमधल्या मेलिंग लिस्टा एकाच फाइलीतून

मट या टर्मिनलवर चालणाऱ्या ईमेल प्रोग्रॅममध्ये नवी मेलिंग लिस्ट जोडायची तर तीन ठिकाणी हात घालावा लागतो: सर्व्हरवरचे सीव्हचे (आलेला मेल आपापल्या फोल्डरात टाकणारे) नियम, मटच्या कॉन्फिगमधली 'मेलबॉक्सेस' ओळ आणि 'सबस्क्राइब' ओळ. लिनक्स कर्नलची एक, डेबियनच्या दोन, चेंबूरच्या सोसायटीची एक असं करत पाचव्या-सहाव्या लिस्टपाशी एखादी ओळ राहतेच. मग पाणी बंद असल्याची सोसायटीची सूचना पॅचच्या (कोडमधल्या बदलांच्या) ढिगाऱ्यात सापडते, तीही दुसऱ्या दिवशी.

त्यापेक्षा एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा. दर ओळीत टॅबने तोडलेले चार रकाने: फोल्डर, लिस्टचा पत्ता, लिस्ट-आयडी (लिस्टच्या प्रत्येक मेलच्या हेडरमधली तिची ओळख) आणि आपण सभासद की नुसते वाचक. ऑक या टेक्स्ट हाताळणाऱ्या भाषेतली दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट त्यातून मटच्या ओळी छापते. वेगळा पर्याय दिला की सीव्हचे नियम.

खरी गंमत मटच्या 'सोर्स' या, दुसरी फाइल कॉन्फिगमध्ये ओढणाऱ्या आज्ञेत आहे. नावाच्या शेवटी पाइपची उभी रेघ (|) दिली की मट ती फाइल वाचत नाही, चालवतो, आणि ती जे छापेल ते कॉन्फिग म्हणून घेतो. त्यामुळे तयार केलेली फाइल शिळी होण्याचा प्रश्नच नाही. मात्र तपासणीसाठी टाकलेला एखादा 'इको' स्क्रिप्टमध्ये राहिला, तर मट त्यालाही आज्ञा समजून तक्रार करतो. आधी टर्मिनलवर चालवून डोळ्यांनी पाहा.

घोळ होतो तो पत्त्यांचा. 'सबस्क्राइब'ला दिलेला पत्ता हा रेगेक्स, म्हणजे मजकूर जुळवायचा नमुना असतो. नुसतं 'डेव्ह@' लिहिलं तर 'वेबडेव्ह@'सुद्धा जुळतं, आणि टिंब कुठल्याही अक्षराला जुळतं. म्हणून स्क्रिप्टनेच सुरुवातीला ^, शेवटी $ आणि टिंबाआधी बॅकस्लॅश लावावा. पत्ता एकेरी अवतरणात छापा. दुहेरीत मट एक बॅकस्लॅश गिळतो.

चौथा रकाना शोभेचा नाही. सभासद असाल तिथे 'सबस्क्राइब', नसाल तिथे 'लिस्ट्स'. सभासद नसताना 'सबस्क्राइब' छापलं, तर मट पाठवताना मेल-फॉलोअप-टू (उत्तर कुणाला पाठवायचं ते सांगणाऱ्या) हेडरमध्ये तुमचा पत्ता घालत नाही, आणि तो हेडर पाळणाऱ्यांची उत्तरं तुमच्यापर्यंत येत नाहीत.

सोसायटीसाठी मराठी सही, बाकीकडे इंग्रजी हवी असेल तर 'फोल्डर-हुक' (फोल्डर उघडताच सेटिंग बदलणारी आज्ञा) छापा. पण हुकने बदललेली सेटिंग फोल्डर सोडल्यावर आपोआप मागे जात नाही. सर्व फोल्डरांना लागू होणारा मूळ हुक सगळ्यांत आधी छापायला हवा.

सीव्हमध्ये लिस्ट-आयडीच जुळवा, कोनी कंसांसकट. 'फ्रॉम' जुळवू नका: 2014 मध्ये याहूने डीमार्कचं (पाठवणाऱ्याचा पत्ता खरा आहे का ते तपासणाऱ्या पद्धतीचं) कडक धोरण लावल्यापासून बऱ्याच लिस्टा तो हेडर बदलून पाठवतात. विषयातला लिस्टच्या नावाचा चौकटी कंस तर कुणीही खोडतं. 'फाइलइनटू' या मेल फोल्डरात टाकणाऱ्या आज्ञेला 'क्रिएट' जोडा, नाहीतर फोल्डर नसेल तेव्हा मेल इनबॉक्सातच पडतो. फोल्डरच्या नावात टिंब नको, डॅश चालेल. डव्हकॉट या मेल सर्व्हरच्या नेहमीच्या मेलडिर (दर मेलची वेगळी फाइल) रचनेत टिंब म्हणजे उपफोल्डर.

कसारा लोकलमध्ये बसून वाचण्यासाठी एमबीसिंक या साधनाने सर्व्हरवरचा मेल लॅपटॉपवर उतरवत असाल, तर त्याच्या कॉन्फिगमध्ये 'क्रिएट बोथ' आहे ना, हे सीएसएमटीला पोचण्याआधी बघा. ते नसेल तर सर्व्हरवर नवा झालेला फोल्डर लॅपटॉपवर उतरत नाही.